मोबाइल रिचार्जचे ॲप : पडद्यामागे काय घडते?

नवी दिल्ली : टॉकटाइम संपला की कोपऱ्यावरच्या दुकानातून स्क्रॅच कार्ड आणावयाचे आणि पट्टी खरवडून आतील आकडे दाबावयाचे, ही पद्धत एकेकाळी देशभर रूढ होती. ती मागे पडण्यात दिल्ली परिसरातील दोन कंपन्यांचा मोठा वाटा आहे. मुख्यालय गुरुग्राममध्ये असलेली मोबिक्विक ही कंपनी बिपिन प्रीत सिंग आणि उपासना टाकू यांनी २००९ मध्ये स्थापन केली. विजय शेखर शर्मा यांच्या वन९७ कम्युनिकेशन्सने २०१० मध्ये नोएडातून पेटीएमचा आरंभ केला. दोन्ही सेवांची सुरुवात मोबाइल रिचार्जपासूनच झाली.

असे ॲप टॉकटाइम किंवा डेटा निर्माण करीत नाही. ते केवळ विक्रेता असते. त्याचा चालक दूरसंचार कंपनीकडे, अथवा अनेक कंपन्यांची सेवा एकत्रितपणे पुरविणाऱ्या मध्यस्थाकडे, सहसा आगाऊ रक्कम जमा ठेवतो. प्रत्येक रिचार्जची किंमत त्यातून वळती होते आणि विक्रेत्याला अल्प कमिशन मिळते.

कंपनी कशी ओळखतात?

पूर्वी क्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी कळत असे. मात्र २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर उपलब्ध झाली आणि ही खूण विश्वासार्ह राहिली नाही. त्यामुळे ॲपला क्रमांकाची सद्यःस्थिती तपासावी लागते. सेवाक्षेत्रही पाहावे लागते, कारण काही योजना क्षेत्रानुसार बदलतात. राज्ये वेगळी असली तरी नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबाद ही शहरे दूरसंचाराच्या दिल्ली क्षेत्रातच मोडतात.

पैसे गेले, रिचार्ज नाही

खरी कसोटी येथे लागते. बँकेची आणि दूरसंचार कंपनीची यंत्रणा स्वतंत्र असते. रक्कम वळती झाल्यावर रिचार्जबाबत उत्तरच आले नाही, तर व्यवहार फसला असे गृहीत धरून नवी मागणी पाठविल्यास दुहेरी रिचार्ज होण्याचा धोका असतो. यशस्वी मानल्यास ग्राहकाचे नुकसान होऊ शकते. म्हणून प्रत्येक मागणीला एकमेव क्रमांक देतात आणि त्याच क्रमांकाने पुन्हा चौकशी करतात. नंतर दोन्हीकडील हिशेब ताडून पाहिले जातात.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयद्वारे खात्यातून गेलेल्या रकमेची पुष्टी विक्रेत्यापर्यंत न पोहोचल्यास ती व्यवहारानंतर पाच दिवसांत परत मिळावयास हवी. त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. मात्र पैसे ॲपला मिळाले आणि रिचार्ज झाले नाही, तर ग्राहकाला प्रथम ॲपकडेच दाद मागावी लागते. त्यासाठी व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ कॉल व एसएमएससाठी स्वतंत्र योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले. साधा फोन वापरणाऱ्यांना नको असलेल्या डेटाचे पैसे मोजावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू आहे. परंतु ॲपच्या यादीत या योजना तळाशी दडून राहिल्या, तर गावाकडे फोन करण्यापुरताच मोबाइल बाळगणाऱ्या मजुरापर्यंत हा लाभ पोहोचणार नाही.