मागच्या बाकावरची मुलगी

२००० सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि माझ्या एका वर्गात तीन वर्ग भरू लागले. एकाला घरी ताई शिकवी. तो प्रश्न संपण्याआधीच हात वर करी. बाकीची मुले माझ्यामागून सुरात ओरडत. (ओरडणे म्हणजे शिकणे, असे मीही मानीत होते!) आणि मागच्या बाकावर ती. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, वर हे इंग्रजी. चार महिने चकार शब्द नाही. प्रगतिपुस्तकात 'मंद' असा शेरा लिहून मी मोकळी झाले.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक खेळ घेतला. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही रीत: बाईंनी बोलायचे, मुलांनी नुसते करायचे. 'टच द डोअर' म्हणताच आमचे हुशार चिरंजीव खिडकीकडे धावले. ही मात्र उठली, दाराला हात लावला, आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसली. मग 'फ्लोअर', मग 'चेअर'. एकदाही चुकली नाही! मूल नवी भाषा आधी कानांत साठवते, बोलते मागाहून, हे मी पुस्तकात वाचले होते.

संध्याकाळी खोडरबर घेऊन बसले. शेरा शाईने लिहिलेला होता.