खोक्यावरचं चित्र कुणाचं?

गेल्या महिन्यात वाईजवळच्या आमच्या एका गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि उठता उठता एका ताईंनी विचारलं, "माझा मुलगा टीव्हीवरच्या जुन्या गेमच्या खोक्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकतो. शेजारचे म्हणतात ही पायरसी आहे, पोलीस येतील. खरं का हो?" पायरसी म्हणजे चोरटी नक्कल, एवढं आम्हाला ठाऊक होतं, पण नीट उत्तर देता आलं नाही. मग एका वकीलताईंना विचारलं, कायदा वाचून घेतला, आणि ध्यानात आलं की हा प्रश्न आपल्या हळदीच्या पाकिटापर्यंत येऊन पोचतो.

ती खोकी तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिली असतील. १९९० नंतरच्या काळात टीव्हीला जोडायचा गेम यायचा. दोन रिमोट, वरून खोचायची 'कॅसेट', खोक्यावर झगमगीत चित्र आणि त्यावर भला मोठा आकडा, इतके गेम एकात! आत बघावं तर तेच ते गेम पुन्हा पुन्हा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या यंत्राच्या त्यातल्या बऱ्याचशा नकला होत्या. म्हणजे गंमत बघा, पोरगं जपतंय ती खोकीच नकलेची! तरी ती जपावीत असं आम्हाला वाटतं. त्या काळी घरात काय आलं, पोरं कशावरून भांडली, हे त्यातून कळतं. पुठ्ठा काही टिकत नाही. ओल लागते, वाळवी लागते, नाहीतर रद्दीवाला नेतो.

बाहेरच्या देशांत हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. अमेरिकेत १९९६ पासून इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था आहे. तिथे लोक जुनी पुस्तकं, माहितीपत्रकं, खोक्यांवरची चित्रं जमा करतात. तिथल्याच व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. वस्तू गेली की खोक्याचं चित्र तेवढं मागे उरतं.

आता कायदा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. खोक्यावरचं चित्र ही कुणाची तरी कलाकृती, आणि आतला गेम म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा एखाद्या गोष्टीची चिकित्सा करताना चित्राचा बेताचा वापर कायद्याला चालतो. प्रोग्रॅमला ती सवलत नाही. म्हणून खोक्याचा फोटो आणि 'इथून गेम फुकट घ्या' अशी लिंक, यांत फार फरक आहे. जाणूनबुजून हक्क मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण फोटो सगळ्यांसाठी टाकणं अगदीच मोकळं आहे असंही समजू नका. फोटो लहान ठेवावा, सोबत कंपनीचं नाव आणि चार ओळी माहिती लिहावी, पैसे घेऊ नयेत, मालकाने हरकत घेतली तर मुकाट्याने काढावा.

चित्रकार वारल्यावर साठ वर्षांनी मात्र चित्र सर्वांचं होतं. राजा रविवर्म्याचं उदाहरण आपल्या जवळचं. लोणावळ्याजवळ मळवलीला त्यांच्या नावाचा छापखाना होता. आपल्या आज्ज्यांच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी-सरस्वती त्याच धाटणीची. तीच चित्रं कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या लेबलांवर आली, काडेपेटीवर आली, आणि त्यांच्या नकला तर कितीतरी निघाल्या. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, तेव्हा आज त्यांची चित्रं कुणीही इंटरनेटवर ठेवावीत. छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. लोकांनी जुने छाप सांभाळून ठेवले म्हणून पुष्कळ काही वाचलं.

आम्ही नाही सांभाळलं, आणि ते आम्हाला भोवलं. आमच्या हळदीच्या पाकिटासाठी एका दुकानातून चित्र काढून घेतलं होतं, कृष्णेचा घाट आणि तांब्याची घागर. आठशे रुपये दिले. दोन हंगामांनी बाजारात तोच घाट, तीच घागर, नाव मात्र दुसरं! व्यापाऱ्याला गाठलं तर तो म्हणाला, "मीही त्याच दुकानातून घेतलंय, पैसे मोजून." आमच्या पावतीवर नुसतं 'डिझाइन' लिहिलेलं. पहिलं पाकीट मागितलं तर एकीकडेही नाही.

तेव्हा वकीलताईंनी सांगितलं ते असं. संगणकावर काढून घेतलेल्या लेबलाचे पैसे दिले म्हणून हक्क आपोआप आपला होत नाही. काढणाऱ्याने तो लिहून आणि सही करून द्यावा लागतो. त्या कागदात किती वर्षांसाठी आणि कुठे वापरायचं तेही घाला. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा पाचच वर्षं धरतो. नावासाठी ट्रेडमार्क वेगळा. एका व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे वाढवता येते. चित्राचा हक्क नोंदणीविनाही असतो, पण ते आधी कुणी वापरलं हे दाखवायची वेळ येते. त्यासाठी दर वेळी नवं पाकीट निघालं की एक कोरं पाकीट तारीख घालून गटाच्या फायलीत लावा, फोटो काढून गटाच्या मेलवर पाठवा, छपाईचं बिल सोबत ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, सचिवांनी अंगावर घ्यावं.

त्या ताईंच्या मुलाच्या फोटोंखाली दोन ठिकाणी गेम उतरवायच्या लिंक होत्या. त्या त्याने काढल्या, फोटो ठेवले. आता आमच्या सगळ्या पाकिटांचे फोटो तोच काढून देतो. घाटाचं ते पहिलं लेबल अजून सापडलेलं नाही. कुणाच्या घरी एखाद्या डब्यावर चिकटलेलं असेल तर सोलू नका, डब्यासकट गटाच्या बैठकीला घेऊन या.