भरलेली बॅटरी आणि तापलेला पत्रा
साठवलेली वीज : भाग चौथा

मंचरहून भीमाशंकरला निघालं की वाटेत घोडेगाव लागतं. आंबेगाव तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. पश्चिमेला डिंभे धरण आणि त्यामागे धो-धो पावसाची आदिवासी गावं. पूर्वेला ऊस, कांदा आणि सातगाव पठारावरचा बटाटा. लिथियम बॅटरी म्हटलं की शहरातल्या माणसाला विजेवरची स्कूटर आठवते. इथे ती पाठीवरच्या फवारणी पंपात असते, कपाळाला बांधायच्या टॉर्चमध्ये असते, लाइट गेल्यावर मोबाइल जिवंत ठेवणाऱ्या पॉवर बँकेत असते.

टॉर्चची गोष्ट तर जिवाशी गाठ घालणारी आहे. जुन्नर वन विभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, बिबट्या उसात राहतो, वाढतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की पाण्याची दारं धरायला अंधारात जावंच लागतं. त्या वेळी टॉर्चचा उजेड मध्येच मंद होणं परवडत नाही. म्हणूनच बॅटरी कशी भरायची आणि कशी ठेवायची, हे नीट समजून घ्यायला हवं.

गेल्या भागात शिशाच्या बॅटरीची माहिती आली. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची ती बॅटरी अर्धवट भरलेली ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो, म्हणून तिला कायम भरलेली ठेवायची, हे घराघरांत ठाऊक आहे. लिथियमच्या बाबतीत नेमकी हीच सवय नडते.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, तेव्हापासून तिचं मूळ तत्त्व तेच आहे. चार्जिंग करताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना परत येतात. साधा लिथियम सेल पूर्ण भरला की त्याचा दाब ४.२ व्होल्टवर जातो. या अवस्थेत आतलं रसायन सर्वांत जास्त ताणलेलं असतं आणि मधल्या द्रवाशी त्याच्या नको त्या प्रक्रिया होत राहतात. उष्णतेने त्या आणखी वेग घेतात. कोबाल्ट असलेली बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश तापमानात वर्षभर ठेवली, तर तिची साधारण ४ टक्के क्षमता जाते. तीच शंभर टक्के भरून ४० अंशांत ठेवली, तर सुमारे ३५ टक्के जाते. काही काम न करता, नुसती पडून.

आता एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. रब्बीचा कांदा निघालेला असतो, फवारणीचं काम थांबलेलं असतं. पंप धुऊन, बॅटरी ‘फुल’ करून पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगला जातो. दुपारी त्या पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त उकाडा असतो. पावसाळ्यात पंप पुन्हा पाठीवर आला की चार टाक्या चालणारी बॅटरी तीन टाक्यांतच उतरते आणि दोष कंपनीला दिला जातो. खरं तर पंपाची बॅटरी निम्मी भरून, सुटी होत असेल तर काढून, घरातल्या थंड आणि कोरड्या खोलीत ठेवली असती, तर नुकसान बरंचसं टळलं असतं.

उलट टोकही तितकंच वाईट. बॅटरी पार उतरवून महिनोन्‌महिने विसरली, तर आतलं संरक्षक सर्किट स्वतःच थोडी थोडी वीज खात राहतं. सेल सुमारे २.५ व्होल्टच्या बराच खाली गेला की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. अशा मेलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीच्या तारा थेट लावून जागं करण्याचे प्रकार दुकानांतून चालतात. ते धोक्याचे आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरी तपासून निम्म्यावर आणून ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

चार्जरबाबत तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. ‘बारा व्होल्ट’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या बॅटऱ्या खपतात. तीन सेल जोडलेली साधी लिथियम बॅटरी १२.६ व्होल्टला भरते. चार सेलची लिथियम फेरो फॉस्फेट १४.६ व्होल्टला. शिशाच्या बॅटरीचा चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. पिन तिन्हींची सारखीच असू शकते. शिशाचा चार्जर तीन सेलच्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात, म्हणजे मर्यादेपेक्षा ०.६ जास्त. मध्ये उभं असतं ते फक्त संरक्षक सर्किट, आणि स्वस्त बॅटरीत त्याची खात्री कोण देणार? चार्जरच्या मागच्या चिठ्ठीवर ‘आउटपुट’पुढे छापलेला आकडा वाचावा आणि कोणता चार्जर कशाचा, ते त्यावर रंगाने लिहून ठेवावं.

फेरो फॉस्फेटविषयी थोडं अधिक. १९९७ मध्ये अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून या पदार्थावरचा शोधनिबंध आला. त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय संशोधक. ही बॅटरी वजनाला जड, पण उष्णतेला जास्त दाद न देणारी. शेतीकामासाठी दोन्हींतून निवडायची वेळ आली, तर हीच घ्यावी. हिचा दाब मात्र बराच काळ जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे किती टक्के उरली याचा अंदाज चुकत जातो. म्हणून ही बॅटरी असलेल्या गाड्यांच्या अनेक कंपन्या ठरावीक दिवसांनी शंभर टक्के चार्ज करायला सांगतात. तसं करावं, भरून ठेवून गाडी महिनाभर उन्हात उभी करू नये, एवढंच.

आगीची भीती खोटी नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर जळाली. पुढच्याच महिन्यात नाशिकला कंटेनरमधून चाललेल्या २० स्कूटरी पेटल्या. सप्टेंबरमध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी केंद्राने विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठीचं ‘एआयएस १५६’ हे मानक कडक केलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. एका सेलची आग शेजारच्या सेलला लागून बाहेर पसरू नये, याची चाचणी त्यात आहे. अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरच आहे. पण हे मानक गाड्यांसाठी आहे. पंप आणि टॉर्च त्यात येत नाहीत, म्हणून तिथली काळजी ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

ती काळजी अवघड नाही. बॅटरी शहाबादी फरशीवर ठेवून, घरातलं माणूस जागं असताना भरावी. गादीवर, कडब्याच्या गंजीशेजारी, गोठ्यात किंवा बाहेर पडायच्या एकमेव दारापाशी कधीच नाही. सॉकेट सैल असेल तर आधी ते बदलावं. तासन्‌तास करंट गेला की सैल पिनच तापते. भीमाशंकरचा घाट चढून आलेली स्कूटर अर्धा तास निवू द्यावी, मग चार्जरला लावावी. रात्री दारं धरायला जायचं असेल तर टॉर्च संध्याकाळी पूर्ण भरावा. भरलेला ठेवण्यात नुकसान आहे ते आठवडेच्या आठवडे. आग लागलीच, तर आधी माणसं बाहेर काढावीत, धूर विषारी असतो. चार्जरची वीज बंद झाल्यावर पाण्याचा मारा चालतो, पण पाणी भरपूर लागतं आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबून बसवू नये, पुन्हा चार्ज करू नये. उघड्यावर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती भंगाराच्या गाडीवर टाकू नका. जिथून घेतली त्या दुकानात न्या आणि परत घेण्याचा आग्रह धरा.