सही करण्यापूर्वी एक प्रश्न

इथे अमेरिकेत माझ्या मुलाच्या आय.ई.पी.मध्ये, म्हणजे त्याच्या विशेष शिक्षणाच्या लेखी आराखड्यात, नववीसाठी 'मॉडिफाइड' गणित सुचवले होते. सोपे जाईल म्हणून मी सही करणारच होते. पालकहो, फरक नीट समजून घ्या. 'अकॉमोडेशन' म्हणजे अभ्यासक्रम तोच, फक्त जादा वेळ वगैरे सोयी. 'मॉडिफिकेशन' म्हणजे अभ्यासक्रमच कमी. काही राज्यांत असा वर्ग नेहमीच्या डिप्लोमासाठी धरत नाहीत. शेवटी केवळ सर्टिफिकेट मिळते. मात्र नेहमीचा डिप्लोमा मिळाला की मोफत विशेष शिक्षणाचा हक्क संपतो. सर्टिफिकेटने संपत नाही, तो सामान्यतः २१ वर्षांपर्यंत राहतो. मुलाला काय हिताचे, ते घरोघरी वेगळे. म्हणून आधी विचारा, "हा वर्ग डिप्लोमाला चालेल का?" आम्हांला 'नाही' असे उत्तर मिळाले. आम्ही नेहमीचाच वर्ग आणि जादा वेळ मागून घेतला.