एक होकार पुरे

कंपनीची वार्षिक सभा असो, विद्यापीठाचा वर्धापनदिन असो की सहकारी बँकेचा अहवाल. ‘नवोन्मेष’ हा शब्द आल्याशिवाय हल्ली भाषण संपत नाही. त्यासाठी कार्यशाळा होतात, स्पर्धा भरतात, बक्षिसं वाटली जातात. या खटाटोपामागे एक गृहीतक असतं, की माणसांना कल्पना सुचत नाहीत, तेव्हा त्या सुचतील अशी काही सोय केली पाहिजे. गेल्या शंभर वर्षांतल्या उद्योगांचा आणि प्रयोगशाळांचा इतिहास या गृहीतकाला फारसा आधार देत नाही. मागे पडलेल्या अनेक संस्थांकडे उद्याची कल्पना वेळेवर आलेली होती, काहींकडे तर जगात सर्वांत आधी. अडचण त्यानंतर सुरू झाली. कल्पना कोणाच्या टेबलावर गेली, तिथे नकाराचा अधिकार कोणाकडे होता आणि नकार मिळाल्यावर तिला दुसरं दार ठोठावता येत होतं का, यावर पुढचं सगळं ठरलं. म्हणून संस्थेत नवं काही घडायला हवं असेल, तर आधी तपासायला हवी ती तिथली मंजुरीची रचना.

कोडॅकचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण ते बहुधा अर्धवट सांगितलं जातं. रॉचेस्टरच्या या कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिसेंबर 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या आसपास, चित्र कृष्णधवल आणि अवघ्या दहा हजार ठिपक्यांचं. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागत आणि तो बघायचा टीव्हीच्या पडद्यावर. वरिष्ठांनी प्रात्यक्षिक पाहिलं. टीव्हीवर फोटो कोण बघणार, असा त्यांचा सूर होता. तरीही कोडॅकने डिजिटलकडे पाठ फिरवली असं म्हणता येत नाही. 1978 मध्ये कंपनीने पेटंट मिळवलं, पुढे संशोधनावर अमाप पैसा ओतला आणि 2005 च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती आघाडीवर होती. मग जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज का करावा लागला? कारण फिल्मच्या रोलवर मिळणारा घसघशीत नफा डिजिटलमध्ये नव्हता आणि कंपनीतला प्रत्येक मोठा निर्णय फिल्मच्या नफ्यावर मोठ्या झालेल्या माणसांच्या हातून जात होता. त्यांच्यातला एकही मूर्ख नव्हता. आपापल्या हिशेबाने प्रत्येक जण बरोबरच होता.

यामागचं गणित साधं आहे. एखाद्या प्रस्तावाला पाच टेबलांवरून जायचं आहे आणि प्रत्येक टेबलावर होकाराची शक्यता निम्मी आहे असं धरू. पाचही ठिकाणी होकार मिळण्याची शक्यता उरते जेमतेम 3 टक्के. आता हीच पाच माणसं, त्यांचा तोच स्वभाव, फक्त नियम वेगळा: पाचांपैकी कोणीही एक ‘हो’ म्हणाला तरी काम सुरू करता येईल. शक्यता एकदम 97 टक्क्यांवर जाते. दिवाळीच्या जुन्या विजेच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, कारण दिवे एकसर जोडलेले असत. समांतर जोडणीत एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. आपल्या बहुतेक संस्थांमधली मंजुरी एकसर जोडणीची आहे. खालून निघालेलं टिपण प्रत्येक टेबलावर सही घेत वर जातं आणि वाटेतल्या कोणालाही ते थांबवायला कारण द्यावं लागत नाही. ते दाबून ठेवलं तरी भागतं. रोजच्या कामाला ही पद्धत ठीक आहे, कारण तिथे चूक टाळणं महत्त्वाचं असतं. नव्या कामाला मात्र ती मारक ठरते, कारण नवं काम पहिल्या दिवशी चुकीसारखंच दिसतं.

अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत समांतर वाटा कशा तयार झाल्या, ते पाहण्यासारखं आहे. ही कंपनी सँडपेपर बनवत असे. तिथला रिचर्ड ड्रू हा प्रयोगशाळेतला साधा कर्मचारी सँडपेपरचे नमुने घेऊन सेंट पॉलमधल्या मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजांत जाई. तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. पहिला रंग वाळला की त्यावर कागद चिकटवून दुसरा मारायचा आणि मग कागद सोलायचा. त्याबरोबर ओला-सुका रंगही निघून येई आणि रंगाऱ्यांच्या तोंडून शिव्या. रंग न उखडता निघेल अशी चिकटपट्टी बनवण्याच्या मागे ड्रू लागला. कंपनीचा कारभार पाहणाऱ्या विल्यम मॅकनाइट यांनी त्याला सँडपेपरच्या कामाला परत लागायला सांगितलं. पुढे त्याने यंत्रासाठी पैसे मागितले, तेही नाकारले गेले. पण शंभर डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. त्याने त्या मर्यादेच्या आतली बिलं करत करत यंत्र उभं केलं, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. 1925 मध्ये मास्किंग टेप तयार झाली आणि 1930 मध्ये ड्रूनेच पारदर्शक सेलोटेप आणली. मॅकनाइट यांचा मोठेपणा असा, की त्यांनी या बेशिस्तीतून नियम काढला. चुकलेल्या माणसावर तुटून पडणारं व्यवस्थापन पुढाकार मारून टाकतं, हे तत्त्व त्यांनी 1948 मध्ये लिहून ठेवलं आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेपैकी 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेला देण्याची मुभा कंपनीत रूढ झाली.

या मुभेचं प्रसिद्ध फळ म्हणजे पोस्ट-इट चिठ्ठ्या. स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये हवा होता घट्ट गोंद. हाती आला तो धड न चिकटणारा, सहज सुटणारा. नेहमीच्या रचनेत हा प्रयोग अपयशाच्या रकान्यात जाऊन संपला असता. सिल्व्हर मात्र कित्येक वर्षं कंपनीतल्या निरनिराळ्या विभागांत त्यावर भाषणं देत राहिले. ते करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. दुसऱ्या विभागातल्या आर्ट फ्राय यांनी ते ऐकलेलं होतं आणि चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातून खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या निसटतात ही त्यांची अडचण होती. 1974 मध्ये त्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. गोंद ज्याने शोधला त्याला उपयोग सापडला नव्हता आणि ज्याला उपयोग सापडला तो त्याच्या वरिष्ठांच्या साखळीत कुठेच नव्हता, हे यातलं मर्म.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. एका होकारावर काम सुरू करायचं तर 97 टक्के भिकार कल्पनाही आत शिरतील. त्यांचे पैसे कोण भरणार? याचं उत्तर असं, की होकार स्वस्त ठेवायचा आणि थोडाच द्यायचा. पहिली पायरी लहान रकमेची, सहज मिळणारी. पुढची प्रत्येक पायरी मोठी आणि अधिक कठोर. पोस्ट-इटलाही ही चाळणी चुकली नाही. 1977 मध्ये चार शहरांतली चाचणी फसली. 1978 मध्ये बॉइझी शहरात नमुने फुकट वाटल्यावर लोक ते पुन्हा मागू लागले, तेव्हा कुठे 1980 मध्ये देशभर विक्री सुरू झाली. आपल्याकडचं याहून सुंदर उदाहरण आहे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याचा प्रस्ताव पाठवला आणि होमी भाभांनी 1962 च्या सुरुवातीला तारेने होकार कळवला. त्या चौघांपैकी गोविंद स्वरूप परतले, पण लगेच राक्षसी दुर्बीण मागितली गेली नाही. ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या सहा फुटी तबकड्या कल्याणजवळ मांडून सूर्याचा अभ्यास सुरू झाला. ते जमल्यावर उटीच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण झाली, 1970 मध्ये. आणि मग नारायणगावजवळच्या खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोऱ्यांवर पोलादी तारांची जाळी बसवल्याने या तबकड्या हलक्या आणि स्वस्त झाल्या आणि वाराही त्यांतून आरपार जाऊ लागला. खोडदची हिंमत कल्याणच्या छोट्या होकारातून आलेली आहे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. कार्यक्षमता आणि मोकळीक एकत्र नांदत नाहीत, मग कार्यक्षमताच का सोडायची? थ्रीएमनेच हा प्रयोग करून पाहिला आहे. 2001 मध्ये जेम्स मॅकनर्नी प्रमुख झाले. त्यांनी हजारो नोकऱ्या कमी केल्या आणि कारखान्यातले दोष घटवणारी ‘सिक्स सिग्मा’ पद्धत संशोधनालाही लावली. नफ्याचं प्रमाण सुधारलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण अलीकडच्या पाच वर्षांत आलेल्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा, जो पूर्वी तिसऱ्या हिश्शाइतका असे, तो चौथ्या हिश्शावर आला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधकांवरचा हा फास सैल केला. शिस्त वाईट ठरत नाही. ती कारखान्यात हवी, हिशेबात हवी. अजून ज्याचं माप ठरलेलं नाही अशा कामाला तीच मोजपट्टी लावली, की माणसं मापात बसणारी कामंच निवडू लागतात.

यावर अनेक संस्था एक सोपा मार्ग काढतात: हुशार माणसांची वेगळी प्रयोगशाळा काढून द्यायची. झेरॉक्सने 1970 मध्ये कॅलिफोर्नियात पार्क नावाची अशी संस्था काढली. गॅरी स्टार्कवेदर यांच्या लेझर प्रिंटरच्या कल्पनेला न्यूयॉर्क राज्यातल्या वरिष्ठांनी विरोध केला होता. 1971 मध्ये ते पार्कला गेले आणि 1977 मध्ये बाजारात आलेल्या त्या प्रिंटरने झेरॉक्सला अब्जावधी डॉलर मिळवून दिले. दुसरं दार असल्याचा हा रोख फायदा. पण त्याच पार्कमध्ये 1973 मध्ये तयार झालेला ‘ऑल्टो’ हा खिडक्या आणि माउस असलेला संगणक झेरॉक्सला विकता आला नाही. ती कल्पना पुढे इतरांनी फळाला आणली. प्रिंटरचं नातं कॉपी काढणाऱ्या यंत्राशी होतं, तो विक्री विभागाला कळला. ऑल्टो कोणत्याच विभागाचा नव्हता. तेव्हा कल्पनेला आत येण्याचं दार लागतं, तसं प्रयोगशाळेतून संस्थेत जाण्याचंही लागतं. फुजीफिल्ममध्ये ते वरून उघडलं गेलं. फिल्मची मागणी 2000 च्या सुमारास शिखराला पोचून कोसळू लागली, तेव्हा प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी कंपनीला अवगत असलेल्या सर्व तंत्रांची यादीच करायला लावली. फिल्ममधल्या कोलॅजनचं आणि रंग टिकवण्याचं ज्ञान त्वचेच्या प्रसाधनांना लागू पडलं, फिल्मचा पारदर्शक थर एलसीडीच्या पडद्यांना. कोडॅक आणि फुजी या दोघांनाही एकच वादळ दिसलं होतं. फुजीने जुन्या नफ्याच्या राखणदारांना एकट्याने निर्णय घेऊ दिला नाही.

हे सगळं मोठ्या कंपन्यांना परवडतं, असं चाकणच्या किंवा सातपूरच्या शेडमध्ये वीस माणसं घेऊन काम करणारा उद्योजक म्हणेल. पण समांतर होकाराला पैसा कमी आणि अधिकाराची वाटणी जास्त लागते. टोयोटाने 1951 मध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली. मूळ कल्पना फोर्डच्या कारखान्यात पाहिलेली. आपल्याकडे सूचनापेट्या काही कमी नाहीत, मात्र पेटी उघडणारा आणि निर्णय घेणारा सहसा एकच, सर्वांत वरचा साहेब असतो. मशीनवरच्या माणसाला नवं फिक्स्चर सुचलं, सेटिंगचा वेळ वाचणार असेल, तर दोन दिवस आणि ठरावीक रुपयांपर्यंतचं सामान एवढ्यापुरता होकार फोरमननेच का देऊ नये? सरकारी चौकटीतही हे जमतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संचालक असताना रघुनाथ माशेलकर यांनी धाडसी, फसण्याचीच शक्यता जास्त असलेल्या कल्पनांसाठी वेगळा निधी काढून ठेवला होता. पतंग उडवण्याचा निधी असंच त्याचं नाव. रक्कम लहान असली तरी तिच्यामुळे ‘नेहमीच्या अंदाजपत्रकात बसत नाही’ हे नकाराचं हुकमी कारण निकालात निघतं.

राहता राहिला ‘जुगाड’. त्याचं कौतुक आपण फार करतो, पण जुगाड हा बहुधा बंद दाराला दिलेला वळसा असतो. ड्रूने शंभर डॉलरच्या आतल्या बिलांवर यंत्र उभं केलं तोही जुगाडच. पुढे त्याचा नियम झाला म्हणून कंपनी वाढली. माणसाच्या चतुराईवर विसंबून राहणारी संस्था तो माणूस निवृत्त होताच रिकामी होते. म्हणून ज्यांच्या हाती संस्था आहे त्यांनी पुढच्या वर्षाची स्पर्धा जाहीर करण्याआधी गेल्या वर्षी नाकारलेल्या प्रस्तावांची यादी मागवावी. प्रत्येकापुढे नाकारणाऱ्याचं नाव आणि कारण असावं, आणि त्यानंतर तो प्रस्ताव आणखी कोणापुढे गेला तेही. यादीच तयार होत नसेल, किंवा शेवटचा रकाना सगळीकडे कोरा असेल, तर तिथे कल्पनांचा तुटवडा आहे असं समजण्याचं कारण नाही; तुटवडा आहे तो होकार देऊ शकणाऱ्या माणसांचा, आणि तो एका परिपत्रकाने दूर करता येतो.