कवक आणि पाइन वृक्ष

पोर्तो रिको बेटावर पाइन वृक्षांची लागवड वारंवार फसली. रोपे पिवळी पडत, खुरटत आणि अखेर मरून जात. १९५५ साली अमेरिकेतील पाइनवनांची माती आणून रोपांच्या मुळांशी घातली, तेव्हा कोठे ती तरारली. त्या मातीत कवक होते. कवक म्हणजे शिळ्या भाकरीवरील बुरशीचेच आप्त! त्याचे तंतू पाइनच्या कोवळ्या मुळांवर मोज्यासारखे वेष्टन विणतात आणि पेशींच्या मधून आत शिरतात. पेशीची भिंत मात्र भेदीत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली या जोडीस ‘कवकमूळ’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. परंतु कवक हे झाडाचे शोषणच करते, असे अनेकांस वाटे. वस्तुतः केसाहून बारीक असे हे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरील पाणी, स्फुरद व नत्र झाडास आणून देतात. कवकास हरितद्रव्य नसते. त्यास लागणारी साखर पाइनच्या पानांतून मुळांवाटे येते.