ढालीवरचे सिंह आणि टोपीवरचा स्तंभ

माळेगाव बुद्रुकच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, राजेलोक पुस्तकावर नाव लिहायचे सोडून चित्र का चिकटवत?" प्रश्न रास्त आहे.

युरोपातले राजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक लहानशी छापील चिठ्ठी डकवीत. व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या ग्रंथालयासाठी जॉर्ज ईव्हने अशा चिठ्ठ्या कोरल्या. त्यांवर राणीचे कुलचिन्ह. हे चिन्ह नुसते पाहायचे नसते, वाचायचे असते. ढालीच्या दोन भागांत इंग्लंडचे तीन-तीन सिंह, एका भागात स्कॉटलंडचा एकच, चौथ्यात आयर्लंडचे तंतुवाद्य. कोणता मुलूख कोणाच्या ताब्यात, याचा हा सातबाराच! ढालीला टेकून एकीकडे सिंह, दुसरीकडे एकशिंगी घोडा. हा घोडा स्कॉटलंडचा, आणि त्याला साखळी घातलेली. खाली फ्रेंच भाषेत ब्रीद: देव आणि माझा हक्क. हक्क देवाने दिला असे एकदा छापले, की जाब विचारणारा पापी ठरतो. ही युक्ती आपल्याला नवी नाही.

१ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने हिंदी संस्थानिकांची कुलचिन्हे याच धर्तीवर रचली. व्हाइसरॉय लिटनने ती रेशमी निशाणांवर काढून वाटली. म्हणजे राजाने आपण कोण हे साहेबाकडून रंगवून घ्यायचे! बडोद्याच्या गायकवाडांचे ब्रीद 'जिन घर, जिन तख्त', म्हणजे खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. घोड्याला खरारा करणाऱ्याला मात्र ढालीवर जागा नाही.

आता आपले चिन्ह पाहा. १८९२ साली इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि त्यावर 'महार' ही अक्षरे. स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे विसरू नये. पण १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची 'नाक' प्रत्ययाची नावे त्याच दगडावर आहेत. गावाने ती कधी कोरली असती? बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, ते ती नावे मानून.

पुढे बिल्ल्यावर व्हिकर्स मशीनगनांची जोडी आली. नंतर स्तंभ काढला गेला आणि त्या जागी खंजीर आला. आमच्या वस्तीतल्या एका माजी सैनिकाच्या पत्र्याच्या पेटीत असा बिल्ला आहे. त्यावर खंजीरच आहे. तो दाखवताना म्हातारा बोट ठेवून म्हणतो, "हा आपला खांब."